पाणी म्हणजे शून्य

धुळ्यात मे महिन्यात
नळ आठव्या दिवशी येतो, तोही पहाटे साडेतीनला.
आणि सकाळी सहाला मी
सीटी मशीनच्या कड्यात
पाण्यानं भरलेला पारदर्शक डबा निजवते,
वहीत लिहिते: पाणी म्हणजे शून्य.

कोष्टकच तसं आहे.
हवा उणे हजार, चरबी उणे शंभर,
रक्त चाळीसच्या आसपास, हाड हजारापर्यंत जातं.
सगळ्यांची मोजणी पाण्यापासून.
गल्लीत मला एक्स-रेवाली म्हणतात.
मी दुरुस्त करत नाही.

आप्पा जिनिंगमध्ये मापाडी होते.
पत्र्याखाली गाठींच्या थप्प्या,
आणि दाबलेला कापूस आतल्या आत जळतो,
धूर नाही, दोन-दोन दिवस वाससुद्धा नाही.
आप्पा गाठीत लोखंडी सळई खुपसायचे,
शंभर मोजायचे,
उपसून तळहाताला लावायचे.
उजव्या तळव्यावर पाच चट्टे होते,
पाच वेळा संशय खरा निघाला म्हणून.
मी आयुष्यभर तेच केलं,
सळई न खुपसता.

लोकांना वाटतं मशीन फोटो काढतं.
मशीन नुसत्या बेरजा आणतं:
ह्या बाजूनं एवढं अडलं, त्या बाजूनं एवढं,
अर्ध्या सेकंदात हजार बाजू.
सावल्या आल्या वाटेनं परत धाडल्या
तर उमटतं ते धुकट, सगळं सगळ्यात सांडलेलं.
मग प्रत्येक सावलीच्या दोन्ही कडांना
थोडं उणं लावायचं.
उणं लावल्याशिवाय कड दिसत नाही.
हे मला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कळलं,
आणि आप्पा गेल्यावर पुन्हा.

आज पाण्याच्या मधोमध एक कडं दिसलं.
बारीक, करडं, अगदी गोल.
शरीरात एवढं गोल काही नसतं.
सायबू तडवी म्हणाला, मॅडम, काल रात्री तीन डोकी काढली.
मी तिन्ही पुन्हा उघडली. दोन स्वच्छ.
तिसऱ्यात, मेंदूच्या तळाशी,
कड्याचा तुकडा गाठीसारखा दिसत होता,
आणि रिपोर्टात ‘गाठ?’ असं लिहिलेलं होतं,
प्रश्नचिन्हासकट.

मशीन बंद.
बाहेर बाकावर एकोणीस माणसं,
साक्री, शिरपूर, नवापूर, पहिल्या एसटीनं आलेली.
कुणी ओरडलं नाही, त्यानं जास्त अवघड झालं.
तिसऱ्या डोक्याच्या माणसाला फोन केला.
तो म्हणाला, बरं,
आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

डब्यातलं पाणीही हिरवट झालं होतं, वर एक बुडबुडा.
मोरीत ओतणार तेवढ्यात
बाकावरची एक म्हातारी उठली.
पिंपळनेरची, कपाळावर गोंदण, हातात रिकामी बाटली.
“पानी कसाले फेकस व माय?”
मी म्हटलं, आजी, हे मोजायचं पाणी,
मशीनसाठी हे शून्य असतं.
तिनं डब्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.
“शून्य शे ते ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली, “निंबले टाक.”

आवारातल्या निंबाला टाकलं.
पाच लिटर शून्य
जमिनीनं एका घोटात घेतलं, भेग तशीच राहिली.

दुपारी एकला नवं पाणी, नवी हवा,
चारशे सतरा नंबरचा शोधक पुन्हा बोलू लागला.
तिसरं डोकं पुन्हा काढलं.
त्यात काय होतं, ते त्याचं तो जाणो आणि डॉक्टर;
कडं नव्हतं, एवढीच माझी सही.

म्हाताऱीचा नंबर अकरावा.
आत जाताना तिनं बांगड्या काढून माझ्याच हातात दिल्या,
“मना डोकामा काय शे, दखाई दी ना?”
म्हटलं, दखाई.

वहीत:
हवा उणे नऊशे अठ्ठ्याण्णव.
पाणी उणे एक पूर्णांक दोन.
चार इकडे, चार तिकडे चालतं.
चालेल.